रिकामी बाटली

उस्मानाबाद
७ मे १९८६

चांगुणाबाई, जय भीम.

तुमचं दवाखान्याच्या खर्चाचं बिल काल मंजूर झालं. कचेरीचं पत्र येईलच. त्यात नसेल ते इथं लिहितोय, पण हे टपालात टाकायची माझी छाती होणार नाही.

मुंबईच्या दवाखान्यात गळ्याची गाठ तपासायला तुम्हाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. बिलात ते औषध म्हणून लागलं, आणि औषध म्हटलं की आमच्या कचेरीत पुरावा म्हणून रिकामी बाटली जोडावी लागते. मी 'बाटली जोडा' असा शेरा मारत राहिलो आणि तुम्ही शाळेतली नोकरी सांभाळून, रजा टाकून बेंबळीहून एसटीनं तीनदा आलात. "ती बाटली ते शिशाच्या पेटीत ठेवतात, कुणाला देत न्हाईत," म्हणालात. शेवटी पदर सारून गळा दाखवलात. "भाऊ, औषध इथनं खाली गेलंय. हीच बाटली समजा."

मी मान खाली घातली आणि पुन्हा तोच शेरा लिहिला. वीस वर्षं हात तेवढंच करतोय, बाई. आता लई थकलाय.

पैसे अडकले म्हणून तुम्ही दुसऱ्या तपासणीला गेलाच नाहीत, हे तुमच्या हेडमास्तरांकडून कळलं. मग परवा घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली धुतली, तिच्यावरचा कागद खरवडला आणि दोऱ्यानं बिलाला बांधली. साहेबांनी हलवून बघितली, "रिकामी आहे," म्हणाले आणि सही केली.

तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हाही ती बाटली आमच्या घरी फळीवरच होती.

तुमचा अपराधी,
पिराजी, बिलांचा कारकून