तापलेलं रेझिन

प्रिय चिमणे,

अक्षर पाहून दचकू नकोस. उजवा हात बांधलेला आहे, म्हणून डाव्याने गिरगटतेय. फोनवर मी तुला, कामावर थोडं भाजलं, एवढंच सांगितलं होतं. ती नव्या गावात जेमतेम रुळतेय, तिला कशाला घोर, असं बाबांचं म्हणणं. आज मात्र सगळं लिहिते. बसून वाच.

त्या सकाळी आम्ही होडीच्या पुढच्या टोकाची बाजू घडवत होतो. ते वळण किती नखरेल असतं, तुला ठाऊकच आहे. पातळ प्लायवूडला गरम पाण्याची फडकी लपेटायची, नरम पडलं की साच्यावर टेकवून शिकंजे हळूहळू आवळत न्यायचे. जरा घाई केली की कडकन मोडतं. शेवटचा शिकंजा मी आवळत होते. बाबा पलीकडच्या साच्यात काचेचं कापड अंथरून ब्रशने रेझिनचा चिकट रस जिरवत होते आणि बुडबुडा दिसला की त्यालाच शिव्या घालत होते. डब्यात उरलेलं रेझिन घट्ट होता होता तापलं होतं, धूर सोडत होतं. डबा बाहेर ठेवायला मी वळले, तेवढ्यात तुझा नवरा आत आला.

"कुठे लपवलीस तिला?" एवढंच म्हणाला. बाबा मध्ये आले. अगं, तुला फाटक्या ओठानिशी गाडीत बसवून देणारे आपले बाबा, तरी सवयीने म्हणाले, "जावईबापू, आधी बसा." त्याने बाकावरचा लाकडी हातोडा उचलला आणि त्यांच्या बरगडीत हाणला. ते ओल्या साच्यात आडवे झाले. आत पडल्यावरही तो मारतच होता. मी त्याच्या पाठीवर झेपावले, तर माझी वेणी मनगटाला गुंडाळून त्याने मला डब्यापाशी ओढलं आणि माझा हात त्या उकळत्या लगद्यात दाबून धरला. "पत्ता सांग." माझ्याच कातडीचा वास माझ्या नाकात गेला. मी किंचाळले, पण तुझं गाव तोंडातून निघालं नाही. शौर्य वगैरे काही नाही गं, शब्दच सुचत नव्हते.

डाव्या हाताला शिकंज्याचा दांडा लागला. जीव खाऊन हिसडला. वाकवलेलं प्लायवूड सुटलं ते थेट त्याच्या जबड्यावर. तो कोसळला, त्याने दात थुंकले, आणि तशातही सरपटत येऊन त्याने माझा पाय पकडला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून रंगारीकाका धावत आले आणि त्याच्या पाठीवर बसले. काकांचं वजन तू जाणतेस. पोलीस येईपर्यंत त्याला कूसही बदलता आली नाही.

माझी दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. बाबांच्या बरगड्या मोडल्या. खोकला आला की ते उशी छातीशी धरतात आणि भिंतीकडे तोंड करतात, मला दिसू नये म्हणून. होडीची मोडलेली बाजू कापून नवी घडवायला घेतली आहे. मी स्टुलावर बसून सांगते, ते शिकंजे आवळतात. परवा माझ्यावरच खेकसले, तेव्हा बरं वाटलं.

काल आपल्या वकीलबाईंचा फोन आला. कोर्टात आणलं तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या फोनवरून तो तुझ्याशी रडून बोलला, आणि तू त्याला जामीन राहायला तयार झालीस, असं त्या म्हणाल्या. झटापटीत फळी सुटली, सगळ्यांनाच लागलं, असं त्याने तुला पटवलंय म्हणे. सही करण्याआधी एकदा इथे ये. बाबांना खोकताना बघ, माझी पट्टी सोडून बघ. त्यानंतरही तुला सही करावीशी वाटली तर कर, मी अडवणार नाही. पण चिमणे, सुटल्यावर तो आधी तुझ्याकडेच येईल, आणि जामिनाच्या कागदावर पत्ता तूच दिलेला असेल.

वाट बघतेय.

तुझीच,
ताई