मावळात शिकलेला समुद्र

आबा,

तुमचा अजूनही राग येतो, म्हणून लिहायला बसलो आहे.

तीन वर्षं दर रविवारी वडगावच्या कचेरीतली कारकुनी विसरून मी भाज्याला तुमच्या अंगणात यायचो. गलबतांवरून आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेला मावळातला माणूस मला तुमच्याखेरीज दुसरा ठाऊक नव्हता, आणि मला तेच करायचं होतं. तुम्ही काय शिकवलंत? वर्षभर नुसत्या दोराच्या गाठी. मग सूर्याची उंची मोजायचं ते पितळी यंत्र हाती आलं. समुद्रावर ती क्षितिजापासून मोजतात; इथं चहूकडे डोंगर, क्षितिज दिसायचं कुठून? म्हणून थाळीत काकवी ओतायची, तिच्यात सूर्याचं बिंब धरायचं आणि त्यावरून भर दुपारी सूर्याची उंची मोजायची. मुंग्या पायाला डसतायत, आणि तुम्ही ओट्यावरून म्हणताय, "हात हालला. परत."

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तुमच्या ओळखीचा नाखवा आफ्रिकेला निघणार होता. तुमच्या एका शब्दावर तो मला घेणार होता. नेमकं त्याच सुमाराला एका दुपारी गणित मांडताना मी सूर्याच्या कोष्टकातली आदल्या दिवसाची ओळ धरली. काढलेली जागा अठरा मैलांनी चुकली.

"अठरा मैलांत खडक आसला तर?" तुम्ही म्हणालात. "औंदा न्हाई. फुडच्या वर्साला बगू."

"एकच ओळ चुकली, आबा!"

"तितं येकच चुकती."

मी तुम्हाला न सांगता मुंबई गाठली आणि तुमचंच नाव सांगून त्या नाखव्याच्या गलबतावर चढलो. आठव्या दिवशी परत आलो. गावात सांगत सुटलो, आबांची विद्या जुनी झाली, तिथं तिला कुणी विचारत नाही. ते तुमच्या कानावर गेलं. तुम्ही मला ओट्यावर बसवलंत, पाणी दिलंत आणि हळूच विचारलंत, "माजं शिकवाय कुटं चुकलं रं?" मी पाणी पिऊन तसाच उठून आलो. यंत्र फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. पुढच्या वर्षी तुम्हीही गेलात.

मला बोट लागली होती, आबा. धक्का सुटल्यापासून ओकत पडलो होतो. पहिल्याच बंदरात उतरलो आणि आगगाडीनं घरी आलो. सूर्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

तुमची लेक अजून भाज्यातच असते. तिला तरी हे वाचून दाखवावं म्हणून काल निघालो होतो. मळवलीला, भाज्याच्या स्टेशनावर, गाडी थांबली. मी उतरलो नाही, तसाच लोणावळ्यापर्यंत बसून राहिलो.