शेजारचं विरजण

५ नोव्हेंबर २००६, मंचर
आले एकदाची! खोली छान आहे आणि मुख्य म्हणजे संडास लागून आहे. आतड्यांचं जुनं दुखणं असलेल्या माणसाची घराकडून दुसरी अपेक्षा नसते. घरमालक चंपालालशेठ कांद्याचे व्यापारी, पण जैन. त्यामुळे कांदा बाजारात, घरात नाही. त्यांच्या पत्नी प्यारीबाईंनी न विचारताच मऊ खिचडी आणि ताक पाठवलं. वाटी घेऊन नात खुशबू आली. इतकी थकलेय की कुणी प्रेमाने वाढलं तरी रडू येतं.

९ नोव्हेंबर
हायवेलगतच्या लॅबमधलं काम सोपं आहे. दह्यातलाच एक जिवाणू, त्यात माणसाचं जनुक घातलंय. पोटात गेला की तो आतड्यांची जळजळ शमवणारं प्रथिन बनवतो. त्याला जगायला लागणारा खुराक फक्त आमच्या लॅबमध्ये. बाहेर तो जगत नाही, असं साहेब सांगतात. माणसांवर चाचणी अजून लांब आहे. माझं पोट तेवढं थांबायला तयार नाही.

१४ नोव्हेंबर
आणलाच थोडा, खुराकासकट दुधात लावून. वाटी प्यारीबाईंच्या फ्रिजमध्ये मागे ठेवलीय. रोज एक चमचा घेते.

२२ नोव्हेंबर
कळ नाही, रक्त नाही. किती वर्षांनी सलग झोपले! गंमत म्हणजे डास चावले तरी गांधी उठत नाहीत.

२५ नोव्हेंबर
वाटी अर्धी दिसली म्हणून विचारलं. प्यारीबाई म्हणाल्या, आमचं दही नासलं व्हतं, तुझ्यातलं विरजण घेतलं पोरी, लई गोड लागलं. शेजारच्या लंकाबाईलाही दिलं. विरजणाला कुणी न्हाई म्हणतं का? लंकाबाईंकडून ते आळीभर गेलंय. म्हणजे खुराकाशिवायही ते जगतंय की काय? साहेबांना फोन केला. बाहेर जगत नाही, हेच पुन्हा, आणि तोंड उघडलंस तर नोकरी गेली म्हणून समज. गप्प बसले. चमचाही सोडला नाही.

३ डिसेंबर
पोती शिवायचं दाभण प्यारीबाईंच्या तळपायात घुसलं. सूज नाही, लाली नाही. दुखतच न्हाई म्हणून हसत होत्या. आळीत कुणालाच ताप येत नाही. डॉक्टर पेपर वाचत बसतात.

८ डिसेंबर
पायाला वास येतोय. जखमेच्या कडा राखाडी. पुण्याला न्या म्हटलं, तर शेठ म्हणाले, ताप न्हाई, सूज न्हाई, दवाखाना कशाला? डॉक्टरही तेच म्हणाले. सूज-ताप म्हणजे शरीराचा राखणदार कुत्रा; घरात चोर शिरलाय आणि त्या कुत्र्याला मीच गुंगी दिलीय. शेवटी सगळं सांगून टाकलं. शेठ हसले. दह्यानं कुणी मरतं व्हय?

१० डिसेंबर
काळी रेघ गुडघ्यापर्यंत चढलीय. तरी माझी खिचडी टाकायला उठत होत्या.

११ डिसेंबर
गेल्या. बसल्या जागी. बरी हाय, बरी हाय म्हणता म्हणता –

१२ डिसेंबर
सुतक. चूल बंद. शेजारी ताटं आणतायत. लंकाबाईंनी दहीभात आणलाय – त्यांच्या बोटावरची चीर राखाडी – म्हणाल्या, तुमच्याच विरजणाचं.

वाटी खुशबूपुढे. उठायला हवं. उठवत नाही. पोट दगड झालंय. खाली फरशी ओली – लाल – माझंच रक्त, आतडं आत फाटलंय. आणि दुखत मात्र काहीच –

हाक मारतेय, आवाज फुटत नाही. तिने चमचा उचल–