पाचव्या क्रमांकाची दुरुस्ती

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मदतीच्या गाडीतून गुरुवारी मिळालं. पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं, म्हणजे नाक्यावरच्या शिपायांनी आधी वाचलेलं. आईच्या गुडघ्यांची कहाणी आता त्यांनाही पाठ झाली असेल.

इथे परिषदेची सभा नऊ तास चालली. मी नेहमीसारखा मागच्या रांगेत, मांडीवर कागद घेऊन. तुमच्या गावाच्या वेढ्याबद्दलच्या ठरावात 'निषेध' होता, तो खोडून 'चिंता' आली. मग ती 'तीव्र' म्हणावी की नाही यावर घासाघीस सुरू झाली आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सांगायलाही लाज वाटते.

पण एक गोष्ट पदरात पडली. आम्ही दवाखान्यांची यादी द्यायची आणि त्या ठिकाणांवर कुणी तोफ डागायची नाही, हे दोन्ही पक्षांनी मान्य केलं. यादी माझ्याच टेबलावर तयार होते आहे. सोबत फॉर्म आहे, त्यात तुझ्या दवाखान्याचे अक्षांश-रेखांश लिहून पाठव. तू हट्टी आहेस, ठाऊक आहे. पण तुझ्या तळघरात अकरा मुलं आहेत आणि आपली आईही आहे. उशीर करू नकोस.

तुझा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो तसाच असू दे.
पंतोजी

१३ फेब्रुवारी

चि. पंतोजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फॉर्म मिळाला. एवढे रकाने बघून आमचा कंपाउंडर म्हणाला की यापेक्षा अपेंडिक्स काढणं सोपं. तो दोन दिवस माझ्यावर धुसफुसत होता. डागणाऱ्यालाच आपला पत्ता कळवायचा, हे कुठलं शहाणपण, असं त्याचं म्हणणं. शेवटी आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला. सोबत जोडला आहे.

आता एक ऐक. माझ्या वह्यांतल्या चुका लाल पेन्सिलीने काढायचास, म्हणून तुझं नाव पंतोजी पडलं. ती खोड अजून गेलेली नाही. हा फॉर्म मात्र भरलाय तसाच पुढे पाठव, एका आकड्यालाही हात लावू नकोस. का ते विचारू नकोस. आपली पत्रं वाचणारे बरेच आहेत.

आई मुलांसाठी जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडत बसते. तू जेवतोस का नीट, हे विचारायला सांगितलंय तिने. घे, विचारलं.

माया कमी होऊ देऊ नकोस.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यादी काल दोन्ही पक्षांच्या हाती पडली. चौदा दवाखाने आहेत, तुमचा क्रमांक पाचवा. आता त्यात कानामात्राही बदलणार नाही.

आणि ताई, थोडक्यात वाचलीस! 'आकड्यांना हात लावू नकोस' म्हणे! मी सवयीने नकाशावर टाकून पाहिले, तर ठिकाण कुठे पडावं? ओढ्यापलीकडच्या बंद सूतगिरणीवर! तुला डावं-उजवं आजवर कधी कळलं नाही, पण अशा वेळीसुद्धा? दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ज्या शाळेत मी सात वर्षं काढली, तिथेच तुमचा दवाखाना आहे हे मला नाही कळणार तर कुणाला? उपग्रहाचा फोटो काढून नेमके आकडे घातले, अगदी शस्त्रक्रियेच्या खोलीवरच्या छपराचे. साहेबांनी पाठ थोपटली. आज किती दिवसांनी पोटभर जेवलो, आईला सांग.

आता निर्धास्त राहा, आणि या भावावर लोभ ठेव.
पंतोजी

२२ फेब्रुवारी

चि. पंतोजीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्याकडे मदतीला आलेले परदेशी सर्जन आज परत निघालेत. हे पत्र त्यांच्या बुटातून येणार आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

फॉर्ममध्ये मी मुद्दाम सूतगिरणी लिहिली. गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्याची अशीच यादी गेली होती. कंपाउंडरची बहीण तिथल्या दवाखान्यात होती. नऊपैकी सहा दवाखाने पंधरा दिवसांत पडले, तेही यादीतल्याच क्रमाने. ती गेली. फॉर्म भरायच्या आधी त्याने मला हे सांगितलं.

गिरणीत चिटपाखरू नाही. ती पडली की समज, यादी कशासाठी वापरतात ते. तो पुरावा सभेत मांड, मग बघू 'चिंता' म्हणून भागतं का. तुला न सांगता केलं म्हणून रुसू नकोस, माझा इलाज नव्हता.

सांभाळून राहा. आमची काळजी थोडी कमी केलीस तरी चालेल.
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

सर्जन आज पोचले. तुझं पत्र वाचलं. ताई, मी आकडे बदलले होते. माझं ते पत्र तुला मिळालं असेल तर तुला एव्हाना कळलं असेल. पहिल्या तीन क्रमांकांचे दवाखाने या आठवड्यात पडले. चौथ्याचा पत्ता नाही.

साहेबांच्या दारात बसून राहिलो. यादीतून नाव काढायचं तर दोन्ही पक्षांची संमती हवी, आणि बैठक नऊ तारखेला आहे. ते म्हणाले की परिषदेने तीव्र चिंता व्यक्त केलीच आहे. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय होणार होतं? मग आमच्याच जुन्या कारकुनाने वाट दाखवली. नाव काढता येत नाही, पण लेखनिकाची चूक म्हणून आकडे दुरुस्त करता येतात, त्याला माझी एक सही पुरते. तासाभरात सही केली. दुपारी चारला पाचव्या क्रमांकाची दुरुस्ती दोन्ही पक्षांना पोचली. तू लिहिलेलेच आकडे आहेत, सूतगिरणीचे. तीन वेळा ताडून पाहिले.

आता कुठे श्वास घेतोय. तुम्ही कुणीही दवाखान्यातून हलू नका. रस्ता बंद आहे, गाडी कधी सुटेल कुणी सांगत नाही, तरी हे पत्र पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे लपवून देतो. मला माफ कर.

तुझाच,
पंतोजी

१ मार्च

चि. पंतोजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं वीस तारखेचं पत्र परवा मिळालं. हे उत्तर गाडीच्या ड्रायव्हरकडे लपवून देणार आहे, म्हणून सगळं लिहिते. तू पोटभर जेवलास तेवढं आईला वाचून दाखवलं, दुरुस्तीचं गाळलं. आधी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग कंपाउंडर म्हणाला की बाई, रडत बसण्यापेक्षा सरळ हिशेब बघा, ठिकाणांची अदलाबदल झाली आहे, एवढंच. यादीत आता शाळा आहे, म्हणजे गिरणी कुणाच्याच कागदावर उरली नाही. आणि यादीत कानामात्राही बदलणार नाही, हे तूच लिहिलं आहेस.

तेव्हा काल आणि आज आम्ही सगळं हलवलं. हातगाड्यांवरून, पाठीवरून, एका दाराच्या फळीवरून. ओढा ओलांडताना आईने कुणाचा हात धरू दिला नाही. अकराही मुलं आली, चोवीस मोठे रुग्ण आले. आता शाळेत कुणी नाही.

चुकलास म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस. तुझ्या चुकीमुळेच ही जागा सुटली. गिरणीवर नुसता पत्रा आहे आणि तळघर नाही, पण इथे ते लागतंय कशाला? पाच आठवड्यांनी मुलं उजेडात आली आहेत. मधल्या मोठ्या दालनात सगळ्यांना एका रांगेत निजवलंय, आई त्यांच्या उशाशी बसली आहे.

कळावे. तुझ्यावर रागावलेली नाही,
ताई