शून्याला खोटं पाडणारी सून

प्रिय जिपार,

तुझा मेसेज येऊन पाच दिवस झाले. दोनच ओळी. "एकवीस दिवस झाले, सासूबाई माझ्याशी एक शब्दसुद्धा बोललेल्या नाहीत. मेरिम, मी चुकले का गं?" मी दहा वेळा उत्तर टाइप केलं आणि दहा वेळा पुसलं. एक तर तुमच्या घरातला फोन म्हणजे चावडी. मुलं त्यावर गाणी बघतात, दीर मेंढ्यांचे भाव विचारतो, आणि मेसेज आधी सगळे वाचतात, मग तू. आणि "नाही गं, चुकली नाहीस" एवढंच लिहिलं असतं तर तुला ते पटलंही नसतं. तुला पुरावा लागतो. म्हणून हे कागदावर, पुराव्यासकट. कागद आमच्या अभ्यासाच्या फॉर्मचेच आहेत, पाठकोरे. उलटून बघू नकोस. पलीकडे माझा मूर्खपणा आहे, तोही सांगतेच.

बिश्केकचं दुसरं वर्ष आठवतं? सर हातात मांडीचं हाड घेऊन "हे उजवं" म्हणाले आणि तू शेवटच्या बाकावरून म्हणालीस, "सर, डावं आहे." तुला बाहेर काढलं. तू व्हरांड्यात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होतीस, आणि तास संपल्यावर मी बाहेर आले तेव्हा माझ्याच हातावर मूठभर ठेवल्यास, जणू शिक्षा मला झाली होती. एक गोष्ट तुला सहा-सात वर्षांत सांगितली नाही. ते हाड डावं आहे हे मलाही दिसलं होतं. मी वहीत "उजवं" लिहिलं. पुढे एल्दियारशी तुझं लग्न झालं, तिसरं वर्ष अर्धं टाकून तू सासरी, आत-बाशी गावाला गेलीस, आणि मी डॉक्टर झाले. जगाचा न्याय बघ.

आमचा अभ्यास तुला तुकड्यातुकड्यानेच माहीत आहे. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडेने मरत जाते, आणि माणूस दाराच्या चौकटीवर आपटेपर्यंत त्याला पत्ता नसतो. हे नवे थेंब दिवसातून एकदाच घालायचे. दाब छान उतरतो. वर पापण्यांचे केस लांब होतात, त्यावर आमच्या म्हाताऱ्या भलत्याच खूश. भीती एकच होती. या थेंबांनी डोळ्याच्या आत सूज येते का? ते बघायला आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, तालांत सागिनोविचांनी, शहाण्णव म्हातारी माणसं निवडली. निम्म्यांना नवे थेंब, निम्म्यांना जुने. तुझ्या सासूबाई, आमच्या सोनुन एने, नव्या थेंबांतल्या. दर महिन्याला मी घरोघर विचारायचं: डोळा लाल? दुखतो? उजेड खुपतो? दहा महिने मी विचारलं, आणि दहा महिने शहाण्णवच्या शहाण्णव जण म्हणाले, "शुक्र आहे पोरी, सगळं छान." मी शून्य भरत गेले. शून्य, शून्य, शून्य. तालांत सागिनोविच इतके खूश की म्हणाले, "आपल्या डोंगरातल्या माणसांचे डोळे पोलादाचे आहेत!" बिश्केकला पाठवायच्या रिपोर्टचं पहिलं पानसुद्धा त्यांनी लिहून टाकलं.

आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याने "कसं चाललंय?" विचारलं तर कोण रडगाणं सांगतं? छप्पर उडालेलं असलं तरी आधी "शुक्र आहे", मग चहा, मग मलई, आणि छपराचं जमलं तर निघताना. मी पाहुणी बनून जात होते, शहरातले बूट घालून, आणि रोगाचा प्रश्न रामरामाच्या जागी विचारत होते. मी याच मातीतली. मला कळायला नको?

मग तुमच्या घरचा तो दिवस. या खेपेला तालांत सागिनोविचही बरोबर, दारापासून लांब, मानाच्या जागी. डॉक्टर आले म्हणून शेजारच्या दोघी मुद्दाम आलेल्या. तू खाली दाराशी, समोवारापाशी, चहा ओततेयस. एनेंचा रुमाल डाव्या भुवईच्याही खाली ओढलेला. मी विचारलं, "एने, डोळ्यांना काही त्रास?" "शुक्र आहे पोरी, काही नाही. तू मलई घे, अजून घेतलीच नाहीस." माझं पेन शून्याचा गोल काढायला लागलं होतं. आणि तू मान वर न करता, हातातली चहाची वाटी तशीच धरून म्हणालीस, "नऊ दिवस झाले. डावा डोळा लाल आहे. दुपारीसुद्धा मला पडदे ओढून घ्यायला लावतात. अंगणात येत नाहीत, गाय मीच काढते."

शेजारणीचा चमचा हवेत थांबला. दुसरी म्हणाली, "अगं बाई, आमच्या वेळी सुना सासूसमोर खोकायच्यासुद्धा नाहीत." एने तुझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनेला फार दिसतं." तीनच शब्द. तुझे कान लालबुंद झाले होते. तरी तू बोललीस. "हो एने, मला दिसतं. तुम्हालाही दिसत राहावं." आणि वाटी डॉक्टरांच्या पुढे ठेवलीस, एक थेंब न सांडता.

खरं सांगू? त्या क्षणी मला तुझा राग आला. माझं दहा महिन्यांचं गोजिरवाणं शून्य तू चार वाक्यांत मोडलंस. मनात आलं, हिला काय गरज होती? वहीत "उजवं" लिहिणारी मुलगी अजून मेली नव्हती माझ्यात.

तालांत सागिनोविचांनी रुमाल बाजूला केला, बॅटरी मारली, आणि त्यांचा चेहराच बदलला. बुटांच्या नाड्या न बांधता एनेंना गाडीत घालून आम्ही इथे नारिनच्या दवाखान्यात आणलं. तपासणीच्या दिव्याची बारीक फट डोळ्यावर धरली आणि त्यांनी मला म्हटलं, "बघ." जिपार, गोठ्याच्या दाराच्या फटीतून ऊन आत येतं आणि त्यात धूळ तरंगताना दिसते ना, अगदी तसं. जिथे नितळ पाणी असायला हवं तिथे कण तरंगत होते. आतून सुजला होता डोळा. "अजून आठवडा गेला असता तर बाहुली आतल्या आत चिकटली असती," ते म्हणाले. मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं, तीस वर्षांपूर्वी हाच डोळा असाच सुजला होता, दोन महिने अंधाऱ्या खोलीत काढले होते. अभ्यासात घेताना मी विचारलं होतं, आधी काही झालंय का. "नाही" म्हणाल्या होत्या. का, तर "बरी झाले होते ना! बरं झालेलं कशाला सांगायचं?"

नवे थेंब बंद केले, जुने सुरू केले, सुजेचं औषध दर दोन तासांनी. ते घालणारी तूच. परवा तुझा दीर फोनवर सांगत होता, "एने वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडतात, ती थेंब घालते, आणि दोघी मुक्या." हे ऐकलं आणि मला हसूही येईना, रडूही येईना.

आता इकडचं. तालांत सागिनोविच दोन दिवस जुने फॉर्म चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मेरिम, आपण शहाण्यांनी दहा महिने नमस्कार-चमत्कार मोजले." लिहिलेलं पहिलं पान फाडलं आणि आम्ही परत घरोघर निघालो. आता म्हाताऱ्यांना विचारतच नाही. त्यांच्याकडे चहा प्यायचा, मलई खायची, आणि निघताना अंगणात चहा ओतणारीला गाठायचं. सून असो, मुलगी असो. कोण उन्हात जायचं बंद झालंय? कोण डोळा चोळतंय? पडदे कोण ओढायला लावतंय? पहिल्या घरातली सून माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिला चोरी करायला सांगतेय. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे सासरे." अठ्ठावन्न घरं झाली. पाच सापडले. पाचातले चार नव्या थेंबांवरचे, आणि त्या चारांतल्या तिघांचा डोळा तरुणपणी कधीतरी सुजला होता. कुणीच सांगितलं नव्हतं.

पाच म्हणजे पाचच, त्यावर डोंगर रचायचा नाही, असं साहेब दटावतात. बहुतेकांना हे थेंब चांगलेच आहेत, त्यांची नजर त्यांनी वाचतेय. पण ज्याचा डोळा पूर्वी सुजलाय त्याला देताना दहा वेळा विचार करा, एवढं आम्हाला आता लिहिता येतं. आमचं शून्य पुढच्या महिन्यात बिश्केकला गेलं असतं, तर गावोगावच्या डॉक्टरांनी कुणालाही बिनधास्त दिले असते. नव्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर साहेबांनी लिहिलंय, "ही चूक एका रुग्णाच्या सुनेने दाखवून दिली." नाव घातलं नाही, कारण तुला विचारलेलं नव्हतं. कळव. माझ्याकडून विचारशील तर ठळक अक्षरात घालावं.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझ्या मेसेजला उत्तर देणं मी अजूनही टाळत बसले असते, पण आज सकाळी सोनुन एने तपासणीला आल्या, तुला माहीतच आहे. डोळा नितळ झालाय, दाब सतरा. मला वाटलं आता उठतील. उठेनात. साहेब बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "दार लाव. सून येऊन सहा वर्षं झाली, मी तिला एकदाही 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. आता या वयात तोंड कुठून उघडू? रोज ठरवते. ती औषध घालायला वाकली की मी नुसती छताकडे बघते. तू तिची मैत्रीण, तू लिही. फोनवर नको." काय लिहू विचारलं. "लिही की तिने मला चारचौघींत खोटं पाडलं. लिही की मला राग आला. राग अजून आहे." मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणाल्या, "आणि लिही की सप्टेंबरपासून पोरं मी सांभाळीन. हिने कॉलेज पुरं करावं, आणि डोळ्यांचंच शिकावं. एल्दियारला रशियात फोन मी करीन, माझ्या मुलाचं माझ्यावर सोड." हे पत्र पोस्टाने येणार नाही, जिपार, त्यांच्याच पिशवीतून येतंय. आज बाहुली मोठी करायचं औषध घातलंय, संध्याकाळपर्यंत जवळचं अक्षर दिसणार नाही, म्हणून मी बिनधास्त लिहितेय: शेवटचं वाक्य सांगताना त्या रडल्या, आणि औषधाने पाणी येतंय म्हणाल्या. औषधाने पाणी येत नाही. आत्ता दारातून ओरडतायत, "झालं का? गाडी सुटेल! मी चार वाक्यं सांगितली होती, त्याला इतके कागद?"

उत्तराची नाही, तुझ्या येण्याची वाट बघणारी, तुझीच
मेरिम