आय वॉज टोल्ड

प्रिय ताई,

तुला नमस्कार, पिल्लाला पापा. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईच्या गुडघ्याचं तेल आणलंस का?

इथल्या वृद्धाश्रमात मी ज्यांचं बघते, त्या आजोबांच्या पलंगाचा कठडा सैल झाला होता. मी नर्सबाईंना सांगितलं. त्या हो म्हणाल्या आणि विसरल्या. आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं.

मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. इथे परदेशात सगळं इंग्रजीतच बोलावं लागतं. माझी बोबडीच वळली. ‘मी सांगितलं होतं’ म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "आय वॉज टोल्ड." म्हणजे मलाच कुणीतरी सांगितलं होतं!

"म्हणजे तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी आपली जोरजोरात, "येस, येस!" तू शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतेस, आणि ही तुझी बहीण.

स्वयंपाकीणबाईंनी चूक समजावली. धावत जाऊन म्हटलं, "आय टोल्ड हर." साहेब म्हणाले, "आता शब्द फिरवू नकोस." नर्सबाई शेजारीच मान खाली घालून उभ्या होत्या.

चौकशीचा निकाल लागेपर्यंत मला कपडे धुण्याच्या खोलीत टाकलंय. काल नर्सबाई तिथे आल्या, दार लावून पुटपुटल्या, "यू टोल्ड मी. आय नो."

मी हात धरून म्हटलं, "प्लीज, टेल हिम." या वेळी माझं काही चुकलं नव्हतं ग. त्या डोळे पुसत निघून गेल्या.

आईला एवढंच सांग, उचलाउचलीचं काम सुटलं, आता कंबर दुखत नाही.

तुझं,
शेंडेफळ