तिसऱ्या दिवसाचं गाणं

मॅडम,

आज दुपारी माझी एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसून रडली. तिच्या रडण्यामागचं खरं कारण मला माहीत होतं आणि ते तिलाच सांगायला हवं होतं, पण मी पत्र लिहायला बसले ते तुम्हाला. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी आता मलकापूरला बी.ए.च्या मुलांना संगीत शिकवते. तुमच्यासारखीच कडक आहे असं मुलं म्हणतात. मी ऐकून घेते. नुसत्या कडकपणानं तुमच्यासारखं होता येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आपली संगीताची खोली आठवते का? सायकल स्टँडला लागून होती. तबल्यावर थाप पडायची वेळ आणि कुणीतरी सायकलची घंटी वाजवायची वेळ नेमकी एकच असायची. त्या खोलीत तुम्ही मला तिसऱ्या वर्षाला म्हणालात की राग पाठ करून परीक्षा कुणीही पास होतं, तू संशोधन कर. मला हसू आलं. संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या, एवढंच मला माहीत होतं. इतर प्राध्यापकही हसले. बी.ए.ची पोरगी कसलं संशोधन करते, असं एकजण चहा पिता पिता तुमच्या तोंडावर म्हणाले. तुम्ही फक्त म्हणालात, "करून राह्यली. पाहा." वर्गात तुम्ही अगदी शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचात, पण राग आला की तुमच्या बोलण्यातून तुमचं गाव, धामणगाव बढे, बाहेर यायचं. मला ते फार आवडायचं.

जानेफळच्या एका म्हाताऱ्या बाईची हळदीची गाणी मी उतरवून घ्यायची असं ठरलं. विहारामागच्या गल्लीत ती राहायची. सगळे तिला माय म्हणायचे. पूर्वी पंचक्रोशीतल्या लग्नांना तिला बोलावणं असे. डीजे आला आणि तिला कुणी विचारीनासं झालं. तुमचा नियम एकच होता, की एक गाणं तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकायचं आणि तिन्ही वेळची स्वरलिपी वेगवेगळी लिहायची. पहिल्या दिवशी माणूस पाहुण्यासाठी गातं, दुसऱ्या दिवशी सवयीनं गातं, तिसऱ्या दिवशी कुठं ते स्वतःसाठी गातं, असं तुम्ही म्हणायचात. तुमचा छोटा रेकॉर्डर तुम्ही रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला होता.

पहिल्या खेपेचं लिहून आणलं तेव्हा मी तुमच्या घरी आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलताय. मी वही पुढे धरते. तुम्ही हात पदराला पुसता, वाचता आणि तुमच्या कपाळावर आठी पडते. मायनं गायलं होतं:

"हळद लागली वं माय, सोनं झाले हात,
तुह्या अंगणाची आता सुटली माही वाट."

मी 'तुह्या'चं 'तुझ्या' केलं होतं, 'माही'चं 'माझी', आणि 'वं माय'च्या जागी 'गं आई' घातलं होतं. विद्यापीठात जायचं म्हणून मी गाण्याला इस्त्री केली होती.

"तू तिचं तोंड धुतलं काय?" तुम्ही विचारलंत. "तिनं 'माही' म्हटलं ना? मंग 'माझी' काऊन लिहिलं? लाज वाटते तुले तिची?"

माझी स्वतःची आई घरात 'माही'च म्हणायची.

"जे कानावर आलं तेच कागदावर. एक मात्रा इकडची तिकडं करायची नाही. समजलं?"

"हाव मॅडम."

मग तुम्ही एक पातेलं माझ्यापुढं सरकवलंत आणि आपण दोघी शेंगा सोलत बसलो. त्या दिवसाइतका मान मला पुढं कुणी दिला नाही.

दुसऱ्या खेपेलाही मी नीट लिहून आणलं. मायचं गाणं षड्जापासून पंचमापर्यंत, पाच सुरांतच फिरायचं. पंचमाच्या वर ती कधी गेली नाही. राहिली तिसरी खेप. मार्च संपत आला होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्प तुमच्या हाती द्यायचा होता. त्या दिवशी जानेफळची एसटी आलीच नाही. मी स्टँडवरून घरी परतले, शेजारच्यांची पेटी मागून आणली आणि मायचं तिसऱ्या दिवसाचं गाणं स्वतःच रचलं. पहिल्या दोनांसारखंच तिसरं लिहिलं असतं तर तुम्हाला शंका आली असती, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. म्हणून दुसऱ्या ओळीला, 'वाट' या शब्दावर, मी सूर पंचमाच्या वर नेला, कोमल निषादाला टेकवला आणि हळूच खाली आणला. छान वाटलं ते. मला स्वतःलाच गहिवरून आलं, इतकं छान. रेकॉर्डरचे सेल संपले होते, म्हणून ऐकता ऐकता लिहिलं, असं मी तुम्हाला सांगितलं.

तुम्ही ते पान गाऊन पाहिलंत. 'वाट'वर आलात आणि थांबलात. परत गायलंत. मग चष्मा काढून ठेवलात. "पाह्यलं?" तुम्ही म्हणालात, "दोन दिवस लपवून ठेवलं होतं तिनं. तिसऱ्या दिवशी पंचमाची चौकट ओलांडली. लेक घर सोडते तिथंच." प्रकल्पाचा सगळा निष्कर्ष तुम्ही माझ्याकडून त्या एका निषादावर उभा करून घेतलात. विद्यापीठाच्या विद्यार्थी मेळाव्यात मी तो वाचला. टाळ्या पडल्या. चहावाले प्राध्यापकही वाजवत होते. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात आणि वाजवायचं विसरून नुसत्या माझ्याकडे बघत होतात.

तेव्हाच सांगायचं होतं. पण मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ तुम्ही उघडायला जाल हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही मला न सांगता एकट्याच जानेफळला गेलात. एकदा नाही, तीनदा. आपल्या नियमाप्रमाणे. तिसऱ्यांदा परत आलात त्या दिवशी मला घरी बोलावलंत. तुमचे पाय अजून धुळीचे होते. आता वही तोंडावर मारतील, मनात म्हटलं. मारली असती तर किती बरं झालं असतं.

तुम्ही चहा टाकलात. पाठमोऱ्याच म्हणालात, "मले नाही गायलं तिनं."

तुम्ही गाळणं शोधून चहा गाळलात.

"तिन्ही दिवस पंचमापर्यंतच. मी विचारलं, मुद्दाम वरचा सूर देऊन पाह्यला. ती हसली नुसती. म्हणे, असं नाही बाई आमच्यात." तुम्ही कप माझ्यापुढे ठेवलात. "बरोबर आहे तिचं. मी पडली मास्तरीण. वही-पेन घेऊन गेलेल्या बाईपुढं कोण मन मोकळं करते? तुले गायलं. तुह्यापाशी बसून तिले आपलं वाटलं."

आणि मग तुम्ही आतून तुमची सूरपेटी आणलीत, तुमच्या गुरूंनी तुम्हाला दिलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. "मले कान आहे, पण माणसाले उघडणं मले जमलं नाही. तुले जमते. ठेव."

मॅडम, मी ती घेतली. चहासुद्धा प्यायले. तुम्ही तीस वर्षं शिकवलंत आणि त्या संध्याकाळी माझ्या एका खोट्या सुरापायी स्वतःला कमी ठरवलंत, आणि मी समोर बसून बशीत चहा ओतत होते. मला माझी शिसारी येते. माय त्याच पावसाळ्यात गेली. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

तुमच्या आजारपणात मी धामणगावला आले होते. तुमच्या भावाच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर तुम्ही. बोलताना धाप लागत होती. सांगायचं ठरवूनच मी आले होते, तुमच्या उशाशी बसून तोंडही उघडलं होतं. पण तुम्हीच आधी म्हणालात, "तिसऱ्या दिवसाचं म्हण ना." मी म्हटलं. 'वाट'वर निषाद लावला, खाली आले. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि माझा हात दाबलात. त्यानंतर मी काय सांगणार होते?

आता आजचं. ही माझी विद्यार्थिनी बारशाचे पाळणे गाणाऱ्या एका बाईवर काम करते आहे. तुमचाच नियम मी तिला दिला. माझा तो प्रकल्प विभागाच्या कपाटात आहे आणि दरवर्षी मीच तो मुलांना नमुना म्हणून वाचायला देते. हो, मीच. ही पोरगी तीन दिवस गेली, उन्हात सायकल मारत. तिन्ही दिवस जे ऐकलं तेच तिनं लिहिलं. तिन्ही पानं जवळजवळ सारखी. ती पानं माझ्यापुढे ठेवून ती रडायला लागली.

"मॅडम, ती बाई माह्यापाशी उघडलीच नाही. तुमच्यापाशी कशी उघडली होती? मले हे जमत नाही. मी सोडते. संगीतच सोडते."

इतकं प्रामाणिक काम मी वीस वर्षांच्या पोरीकडून कधी पाहिलं नव्हतं. ते मी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "अगं, होतं असं कधीकधी. माझी गाणारी वेगळी होती." ती मान खाली घालून गेली. अगदी तुमच्यासारखी, स्वतःचंच चुकलं असं समजून. उद्या अकरा वाजता ती वही परत करायला आणि विषय सोडल्याच्या अर्जावर माझी सही घ्यायला येणार आहे.

तिला सांगायचं तर आधी तुम्हाला सांगून पाहावं, म्हणून हे लिहायला बसले. तुमची सूरपेटी समोर आहे. पत्र तिच्याच खोक्यात ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. लिहून झालं म्हणून आताच सगळं पहिल्यापासून वाचलं, आणि बघा, तुम्ही नसतानासुद्धा तुमच्यापुढे मी खोटंच लिहून बसले आहे.

त्या दिवशी एसटी आली होती, मॅडम. वेळेवर आली होती. मी स्टँडसमोर रसवंतीच्या सावलीत उसाचा रस पीत बसले होते. कंडक्टर दारात उभा राहून जानेफळ, जानेफळ म्हणून ओरडत होता. गाडीत जागाही होती. माय तेच तर गाणार, नवीन काय गाणार आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि आणखी एक ग्लास मागवला.